वेगळी संघटना कशाला?

"वकील तो वकील. बायकांची वेगळी संघटना कशाला?" आज चर्चेत एक सहकारी सहज बोलून गेले. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

१९४४ साली मेक्सिकोत 'फिडा' हा स्त्री वकिलांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. त्याची केनियातली संघटना १९८५ची. वकिलाची फी न परवडणाऱ्या बाईला ती स्वतःची केस स्वतः लढायला शिकवते. मुलांच्या पोटगीचा अर्ज कसा लिहायचा, पुरावा कुठला जोडायचा, न्यायाधीशांसमोर काय आणि कसं बोलायचं, सगळं.

मला तर हे परिषदांमधल्या ठरावांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

नवऱ्याने घराबाहेर काढलेली, हातात पैसा नसलेली बाई कोर्टात उभी राहून आपलं म्हणणं मांडते. तिच्यासाठी एवढं दुसरं कोण करत होतं?