तुम्ही विचारलंत म्हणून : लूपला सम असते

'लूप लावला की बठ्ठं एकसारखंच वाजस, मग त्यात शास्त्रीय संगीत कुठून आलं?' धुळे-नंदुरबारकडे लॅपटॉपवर लूपने (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून) अहिराणी गाणी बांधणारी पोरं हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

स्वतंत्र तबलावादन ऐका. पेटीवाला १६ मात्रांचा तोच लेहरा (छोटी धून) सतत वाजवत असतो, तरी तो शिळा होत नाही, कारण शेवटच्या मात्रा समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, ओढतात. तुमच्या केरव्याच्या (आठ मात्रांचा ताल) लूपमध्ये आठही मात्रांवर सारखाच जोर असतो. केरव्यातल्या शेवटच्या दोन मात्रांचा किक (ड्रमचा खालचा ठोका) काढून बघा, सम आपोआप उठते.

तिहाईचं, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचं, दुखणं वेगळं. तिचा शेवटचा 'धा' पुढच्या समेवर पडतो, म्हणजे १६ मात्रांवर कापलं की तो गेलाच, आणि १७ मात्रा ठेवल्या की लय मोडली. तिहाई वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. 'धा' मुख्य लूपच्या समेलाच वाजू द्या.

दादरा तर बहुतेकांचा घसरतो. ९६च्या लयीत (मिनिटाला ९६ मात्रा) त्याच्या सहा मात्रा ३.७५ सेकंदांत होतात. सॉफ्टवेअरला बहुतेकदा सहाचा हिशेब सुचत नाही. ते आठ समजून लय १२८ धरतं, आणि प्रोजेक्ट ९६चा असल्यामुळे तुकडा ताणून ५ सेकंदांचा करतं. ढोलाची थाप ओल्या पोत्यावर पडल्यासारखी येते ती यामुळे. मात्रा ६ आणि लय ९६ हे हातानेच भरा.

फेरीच्या सांध्यावर 'टक्' येत असेल तर ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (कडेला आवाज चढवणं-उतरवणं) पुरतो. पण ढोलाची घुमी (थापेनंतर रेंगाळणारा नाद) तुटत असेल तर फेडने काही होत नाही. तीन आवर्तनं सलग वाजवून घ्या आणि मधलं कापा. त्याच्या सुरुवातीला आधीच्या आवर्तनाची घुमी आलेली असते, म्हणून सांधा जुळतो.

आता परदेशाचं. अमेरिकन संगीतकार टेरी रायलीने लूप आपल्याकडून उचलला, असं सर्रास सांगतात. सालं तसं म्हणत नाहीत. त्याची ५३ तुकड्यांची 'इन सी' ही रचना १९६४ची, आणि किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे तो शिकायला लागला १९७०मध्ये. त्याच्याच पिढीतल्या अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने टेपचे दोन सारखे तुकडे एकमेकांपासून सरकवले १९६५मध्ये. घानात ढोल शिकायला गेला तो १९७०मध्येच. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणाऱ्या चरणजित सिंगांचं मात्र उलट: त्यांनी १९८२मध्ये रोलंड कंपनीच्या ८०८ (ड्रम मशीन) आणि ३०३वर (बेस सिंथेसायझर) थेट रागच बसवले. रागाला कॉर्ड बदलावे लागत नाहीत, एक षड्ज (सा) पुरतो, त्यामुळे न बदलणाऱ्या लूपवर तो आरामात बसतो.

राइशची ती सरकवण्याची युक्ती तुम्हालाही जमेल. केरव्याच्या आठ मात्रांवर दादऱ्याच्या सहा सोडा, दोन्ही समा २४ मात्रांनी भेटतील. आठावर रूपकाच्या सात सोडल्या तर ५६ मात्रांनी, म्हणजे ९६च्या लयीत ३५ सेकंदांनी. तेवढा वेळ कान नवंच ऐकत राहतो. दोन्हींना किक मात्र देऊ नका, खाली नुसता चिखल होतो.

आणि पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) वापरणार असाल तर तिला कीबोर्डच्या सुरात ओढू नका, फुंकीचा पोत पत्र्यासारखा होतो. तिचा षड्ज ट्यूनरवर मोजा आणि कीबोर्डच तेवढा वर-खाली करा.