बाहेरून तर ओरिजिनलच होता

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ११९७ सीसी, कंपनीतून १०५ पीएसची (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची). शर्यतीसाठी नाशिकच्या सातपूरला एका ओळखीच्या उस्तादाने टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, हाउसिंग (बाहेरचं कवच) तेच ठेवलं, आतून बोअर मोठा करून वाढीव मापाचं कंप्रेसर व्हील, म्हणजे हवा दाबणारं चाक, बसवलं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, म्हणून बॅलन्सिंगला मात्र पैसे वाचवले नाहीत. बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, हात राखूनच वाढवला, कारण गाडीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतच धरला जातो.

पहिल्यांदा स्टार्ट केली तर सायलेन्सरमधून निळा धूर! निळा म्हणजे ऑइल जळतंय. मला वाटलं टर्बोचं सील गेलं, हजारो रुपये पाण्यात. उस्तादाने ऑइल परतीचा पाइप काढला. पाइपच्या जोडाला, फ्लँजला, लावलेला सिलिकॉनचा लेप आत दाबला जाऊन भोकात मटाराएवढा गोळा झाला होता. टर्बोमधलं ऑइल नुसत्या उतारावर खाली येतं, मागे दाब नसतो. वाट तुंबली की ते सील ओलांडणारच. स्क्रूड्रायव्हरने गोळा उकरला आणि म्हणाला, "दादा, गॅरेजच्या पोरानं गास्केटवर पण लावला होता." पोराला काही बोललो नाही, मीच घाई केली होती.

शर्यत पुण्याच्या पलीकडे, एका धावपट्टीवर, ४०२ मीटरची. गाडी कॅरिअरवर नेली. असं इंजिन रस्त्यावर आणलं तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ आडवं येतं, आणि १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा तुरुंगही.

स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, हेल्मेट, बॅटरीचे टर्मिनल, टो हुक सगळं पास. गट ठरवताना टर्बो पेट्रोलची क्षमता एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात १.७ ने गुणतात, इथंही तेच, म्हणजे माझी गाडी २०३५ सीसीची धरली. ते ठाऊक होतं. फॉर्मवर मात्र मी 'स्टॉक', म्हणजे कंपनीतून आली तशी, लिहिलं होतं. तपासणाऱ्या काकांनी काही न बोलता इनटेकचा होज सोडला, व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आत घालून व्हीलचं तोंड मोजलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाहेरून तर ओरिजिनलच आहे," मी म्हटलं.

"आम्ही आतून बघतो," म्हणाले, आणि 'स्टॉक' खोडून 'मॉडिफाइड', म्हणजे बदल केलेली, लिहिलं.

मग काय, १५.१ सेकंद. शेजारच्या लेनमधला कधीच पलीकडे पोचला होता.

परतताना सिन्नरला चहाला थांबलो. टपरीवाल्याने कॅरिअरकडे बघून विचारलं, "बंद पडली का गाडी?"

म्हटलं, हो.