पक्षीघर आणि शिक्रा: दुहेरी जाळीचं काम कुठवर आलं

मंडळी, शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यापासून पाळीव पक्ष्यांना वाचवण्यासाठी आमच्या पक्षीघराला दुहेरी जाळी लावतोय, त्यातली तीन बाजूंची दुसरी जाळी पावसाळ्याच्या तोंडावर बसून झाली. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या बाजूंना आता जाळीचे दोन थर आहेत आणि दोन्हींच्या मधे तीन इंच मोकळी जागा. उत्तरेला घराची भिंतच आहे, त्यामुळे तिथे काही करायचं नव्हतं. छताचा मागचा भाग पत्र्याने झाकलाय, पुढच्या उघड्या भागावर अजून एकच थर आहे. तो दिवाळीपर्यंत होईल.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला. मागच्या परसात 12 फूट लांब, 6 फूट रुंद, 7 फूट उंच असं पक्षीघर आहे. मधे जाळीची आडभिंत. एकीकडे बजी आणि कॉकटेल हे छोटे पोपट, दुसरीकडे झेब्रा फिंच (मुनियांसारखे चिमुकले पक्षी) आणि डायमंड डव्ह (छोटे होले). सगळे परदेशी जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले. किल्ल्याच्या उतारावर झाडी भरपूर, त्यामुळे शिकारी पक्ष्यांची इथे कमी नाही. दिवसा शिक्रा, घार, कावळे, टकाचोर, भारद्वाज. रात्री पिंगळा आणि गव्हाणी घुबड. थंडीत माळावर खरुचीही दिसतो. या सगळ्यांत पक्षीघरासाठी खरा विचार करावा लागतो तो शिक्र्याचा. घार मोठी असते, उघड्यावरून झेप घेते आणि जाळीपाशी फार वेळ घालवत नाही. शिक्रा जाळीला येऊन चिकटतो.

यंदा शेजारच्या आंब्यावर शिक्र्याची जोडी आहे. मार्चपासून त्यांची टिटकारी ऐकू येत होती. नर लहान, लाल डोळ्यांचा, मादी त्याच्यापेक्षा चांगलीच थोराड. शिक्रा पारव्याच्या आसपासच्या आकाराचा, पण पाय लांब. पानाआड बसून टेहळणी करायची आणि थोड्या अंतरावरून एकदम झडप घालायची, ही त्याची रीत. सरडे, पाली, उंदीर, खारीची पिल्लं, चिमण्या, टोळ, काहीही चालतं. घरट्यात पिल्लं असली की दिवसभर खेपा चालतात. पिल्लं उडायला लागल्यावरचे काही आठवडे माझ्या मते सगळ्यांत अवघड. तपकिरी रेघांच्या छातीची, पिवळ्या डोळ्यांची ती नवशिकी पोरं एका जागी अपयश आलं तरी पुन्हा पुन्हा तिथेच येतात. जाणता शिक्रा दोनदा आपटला की शहाणा होतो.

आता हल्ला नेमका कसा होतो ते नीट समजून घेऊ, कारण सगळी रचना त्यावरच ठरते. शिक्रा जाळी फोडून आत येत नाही. तो जाळीवर आदळतो, आतले पक्षी उधळतात, आणि उधळलेला पक्षी बहुतेक वेळा समोरच्या जाळीलाच जाऊन लटकतो. बजी तर हमखास. मग शिक्रा बाहेरून पंजा घालतो आणि हाताला येईल ते धरतो, पाय, पंख नाहीतर डोकं. वाईच्या एका मित्राकडे एक इंचाची एकेरी जाळी होती. त्याची झेब्रा फिंचची मादी अशीच जाळीतून ओढली गेली. झेब्रा फिंचचं वजन जेमतेम 12 ग्रॅम, एक इंचाच्या चौकोनातून तिचं डोकं आरामात बाहेर येतं. ज्यांच्याकडे कोंबड्यांची षटकोनी जाळी आहे त्यांनी ती बदलावीच. तिची तार बारीक असते, ओढली की भोक मोठं होतं आणि दोन पावसाळ्यांत गंजून तुटते.

म्हणून दोन थर. आतली जाळी अर्धा इंच चौकोनाची, 18 गेजची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी (गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड). बाहेरची एक इंचाची, 16 गेजची. आतल्या जाळीला बजी लटकला तरी बाहेरच्या पंजाला त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये, हा हिशोब. आमचा सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा आहे. पाइपच्या आतून एक आणि बाहेरून एक जाळी मारली असती तर मधे एकच इंच उरला असता. वेल्डरमामा म्हणाले, "ताई, पाइपवर दोन इंचाचे तुकडे उभे करून त्यावर पट्टी मारू, म्हणजे बाहेरची जाळी लांब राहील आणि हलणारही नाही." तसंच केलं. बाहेरची जाळी ताणून बसवणं महत्त्वाचं, कारण ढिली जाळी शिक्र्याच्या वजनाने आत दबते आणि तीन इंचांचे दीड इंच होतात. खालच्या बाजूला मधली फट पट्टीने बंद केली आहे, नाहीतर उंदरांना आयती बोळ मिळते. एका कोपऱ्यात ती पट्टी नटबोल्टवर ठेवली आहे, साठलेला पाला काढता यावा म्हणून.

खरेदी करताना शक्य असेल तर वेल्डिंगनंतर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घ्या. जोडांवर गंज उशिरा चढतो आणि आपल्या सातारी पावसात हा फरक जाणवतो. पण नवी जाळी तशीच लावू नका. मुलाम्याचे सुटे कण आणि गोठलेले थेंब पोपट जातीचे पक्षी चोचीने कुरतडतात आणि जस्ताची विषबाधा होते. बजी आणि कॉकटेल दोघंही दिवसभर जाळीवर चोच चालवतात. मी जाळी अंगणात अंथरून व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासली, भरपूर पाण्याने धुतली आणि उन्हात वाळवली. कंटाळवाणं काम आहे, मात्र ते टाळण्यासारखं मुळीच नाही.

जाळीइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, महत्त्व मी लपायच्या जागेला देते. जाळी पंजा अडवते, भीती अडवत नाही. उधळलेला पक्षी जाळीवर आपटून मान मोडू शकतो. फिंच घाबरून अंड्यांवरून उठतात आणि परत बसत नाहीत. त्यामुळे पक्षीघराचा मागचा चार फुटांचा भाग तिन्ही बाजूंनी आणि वरून पूर्ण बंद केला आहे. सगळ्यांत उंच दांड्या याच भागात आहेत, पुढच्या उघड्या भागातल्या मुद्दाम एक फूट खाली. पक्षी झोपायला सगळ्यांत उंच जागा शोधतो. ती जागा आडोशाला असली तर तो संध्याकाळी आपणहून आत जातो, हाकलावं लागत नाही. पुढच्या भागातली कुठलीही दांडी जाळीपासून फूटभर तरी आत ठेवली आहे.

पूर्वेकडच्या जाळीवर मधुमालती चढवली आहे. बाहेरून बघणाऱ्याला आतलं अर्धवट दिसतं आणि आतल्यांना वेलीआड शिरता येतं. वेल दाट व्हायला एक मोसम जाईल, तोवर तिथे पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट ताणून लावली आहे. शेडनेट लावताना एक पथ्य पाळा, ती कडेकडेने पट्टीखाली घट्ट दाबा. सैल नायलॉनच्या जाळ्यात घुबडं, बुलबुल, वटवाघळं अडकून तडफडतात. आपल्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा जीव जावा हे मला पटत नाही.

डायमंड डव्हचा वेगळा प्रश्न आहे. हे होले बिचकले की सरळ वर उडतात आणि छतावर डोकं आपटतं. त्यांच्या भागात पत्र्याखाली सहा इंचांवर मऊ सुती जाळी झोळीसारखी बांधली. ज्यांच्याकडे बटेर असतील त्यांनाही हाच उपाय लागू पडेल.

या खेपेला सगळ्यांत जास्त फरक पडला तो मात्र वेल्डरच्या कामाने नव्हे, झाडूने. शिक्रा आमच्याकडे का येतो हे बघायला मी सकाळी अंगणात चहा घेऊन बसायला लागले. लक्षात आलं की तो आधी पक्षीघराकडे बघतच नव्हता. बजी राळं-बाजरी उधळतात, ते दाणे आणि टरफलं जाळीबाहेर पडतात, आणि त्यावर चिमण्या, मुनिया, होले गोळा होतात. शिक्र्याचं लक्ष त्या थव्यावर. थवा उडाला की झडप पक्षीघराच्या जाळीवर. रात्री त्याच दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे घुबड. म्हणून दाण्याची भांडी बंद भागात हलवली, त्यांच्याखाली उंच कडांचे ट्रे ठेवले, आणि जाळीबाहेरची जमीन रोज संध्याकाळी झाडून काढते. जंगली पक्ष्यांसाठी अण्णा, म्हणजे माझे सासरे, पाणी ठेवायचे ते भांडंही त्यांनी आपणहून चिकूच्या झाडाखाली, पार पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. त्यानंतर शिक्र्याचं जाळीवर येणं खूपच कमी झालं आहे.

चकचकीत फिती, टांगलेल्या सीड्या, प्लास्टिकचं घुबड, या गोष्टींवर पैसे घालवू नका. थोड्या दिवसांत शिक्राही सरावतो आणि कावळेही. उलट फितींच्या लखलखाटाने कॉकटेलच जास्त बिचकतात.

खरे राखणदार फुकटात मिळतात. खारीने एका सुरात चिरचिर लावली, बुलबुल कर्कश ओरडायला लागले किंवा कोतवाल पक्ष्याने कुणाच्या तरी मागे धाव घेतली की मान वर करून बघायचं. आमचे फिंचसुद्धा आता खारीचा आवाज ओळखतात आणि मी बाहेर यायच्या आत आडोशाला गेलेले असतात. त्यामुळे पक्षीघराशेजारचं झाड तोडून टाकायचा सल्ला मला मान्य नाही. झाडावर शिक्रा बसतो हे खरं, पण त्याची खबर देणारेही तिथेच बसतात. मे-जूनमध्ये एक फसगत मात्र होते. पावशा दिसायला आणि उडायला थेट शिक्र्यासारखा. तो 'पेर्ते व्हा' करत आंब्यावर उतरला की सगळं पक्षीघर चिडीचूप. बिचारा सुरवंट खायला आलेला असतो.

रात्रीची सोय: बंद भागात अगदी मंद एलईडी दिवा रात्रभर चालू असतो. कॉकटेलना रात्री घाबरून फडफडायची खोड असते. पिंगळा जाळीवर बसला, मांजर पत्र्यावरून गेलं, एवढंही पुरतं. अंधारात त्यांना दांडी सापडत नाही आणि पंखातली नवी, रक्त असलेली पिसं मोडतात. असं झालं तर आधी दिवा वाढवायचा, हळू आवाजात बोलत राहायचं, सगळे बसले की एकेकाचे पंख तपासायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसाने दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचे.

दिवसा शिक्रा जाळीवर आलाच तर आरडाओरडा करत धावू नका, त्याने आतले पक्षी आणखी आपटतात. शांतपणे चालत जाऊन पक्षीघरापाशी उभं राहिलं की तो उडतो. मग एकेक पक्षी बघा. पाय, बोटं, डोकं, चोचीच्या वरचा भाग. पिसं फुलवून जमिनीवर बसलेला किंवा चोच उघडून श्वास घेणारा पक्षी धक्क्यात असतो. त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात, उबेत आणि शांततेत ठेवा. जबरदस्तीने पाणी किंवा दाणा भरवू नका. आतला मार कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून बरा वाटला तरी लगेच सोडायची घाई नको.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण गलोल आणि सापळ्याचे सल्ले मला वैयक्तिक निरोपांत आले आहेत. शिक्रा, घार, घुबड यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षण आहे. त्यांना पकडणं, जखमी करणं, घरटं पाडणं हा गुन्हा आहे. शिक्रा तुमच्या पक्षीघरात अडकला किंवा जखमी सापडला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कायदा बाजूला ठेवला तरी, ती जोडी इथल्या उतारावर आमच्या आधीपासून आहे. दोन पिल्लं जगवायला दोघांची किती धावपळ होते हे रोज बघते आहे. परसात पक्षी आणून ठेवले ते आपण, तेव्हा भिंत भक्कम करणं हे आपलं काम.

पुढची कामं: छताचा दुसरा थर, दाराला आतून दुसरं दार, म्हणजे मी शिरताना एकही फिंच बाहेर जाणार नाही. आणि नव्या वेल्डिंगच्या जोडांवर रेड ऑक्साइडचा आणखी एक हात. रंग पूर्ण वाळेपर्यंत त्या भागात पक्षी सोडणार नाही. छताच्या थरासाठी मधली जागा तीन इंच ठेवावी की चार, यावर विचार चालू आहे. वर बसलेल्या शिक्र्याचं सगळं वजन जाळीवर येतं आणि मधेच आधाराची पट्टी नसेल तर ती लवते. कोकणातल्या कुणी खाऱ्या हवेत अशी दुहेरी जाळी छताला लावली असेल तर कुठली तार किती टिकली आणि आधार किती फुटांवर दिले ते जरूर कळवा.