शेवटचा रकाना

(माजी विद्यार्थिनी, दहावी मार्च १९८३)

नववीला आम्हा मुलींना गृहशास्त्र होतं आणि मुलांना सुतारकाम. गृहशास्त्र म्हणजे ज्यांना बीजगणित झेपत नाही त्यांचा विषय, असं आमच्या चाळीत सरळ बोललं जायचं. मला बीजगणित झेपत होतं, तरी मी त्या तासाची वाट बघायचे. कधीकधी शिरा मिळायचा.

१९८१च्या डिसेंबरात बाईंनी शंभर पानी वह्या आखायला लावल्या. तारीख, काय आणलं, वजन, किंमत, काय शिजलं, कोण कोण जेवलं. आणि कडेला एक अरुंद रकाना : सगळ्यात शेवटी कोण जेवलं, काय जेवलं. जानेवारी महिनाभर आपापल्या घरचं लिहायचं.

वजन कसं लिहिणार? दहा बाय बाराच्या खोलीत तराजू कोणाकडे असायचा? बाईंनी त्यावर तोड काढली. प्रत्येकीने घरचं माप शाळेत आणायचं, प्रयोगशाळेतल्या तराजूवर तेवढे तांदूळ, तेवढी डाळ, तेवढं पीठ तोलायचं आणि आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायचे. बाकीच्यांनी वाट्या आणल्या. आमच्याकडे माप म्हणजे डालडाचा रिकामा डबा. तो पिशवीतून काढला तसा वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, "डबा चालेल. रोज तोच असला म्हणजे झालं." पुढे आहार सर्वेक्षणाचं काम करताना घरोघरच्या वाट्या-पळ्या मी अशाच तोलल्या.

बाईंना खोटं पटकन कळायचं. एकीने दर रविवारी श्रीखंड लिहिलं होतं. बाईंनी तिच्या वहीतला साखरेचा रकाना बेरीज करून दाखवला आणि एवढंच विचारलं, "रेशनच्या साखरेत चहा कधी केला?"

त्याच सुमारास त्यांनी आम्हाला एक जुना सरकारी अहवाल सांगितला. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि १९२३ला छापले. त्यात असं निघालं होतं की गिरणीकामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामावरच्या माणसाला देतात तेवढंच जेमतेम भरतं, आणि तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमीच. माझ्या बाकावरची हळूच म्हणाली, "मग आमच्या बाबांना जेलातच ठेवू या." दोन-तीन महिन्यांनी मोर्चात पकडून तिच्या वडिलांना खरंच आत टाकलं. तो विनोद तिने परत केला नाही.

१८ जानेवारीला, सोमवारी, संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख गिरणीकामगारांचा. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी वहीपुरतंच लिहिते.

आई खाणावळ चालवायची. आमच्याच रत्नागिरीकडचे पाच गाववाले दोन वेळा जेवायला असायचे. गिरणगावात अशा खाणावळवाल्या किती होत्या त्याची गणती नाही. १९७५ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून यांतल्या बायकांना बँकेच्या दारात नेलं, तोवर त्यांना उधार देणारा फक्त सावकार नाहीतर वाणी. आई मात्र कुठल्याच मंडळात नव्हती. संप लांबला तसे गाववाले एकेक करून गावी गेले, जाताना "पगार झाला की बघू वहिनी" म्हणून गेले.

वहीत ते सगळं दिसत होतं. गंमत अशी (गंमत कसली) की तांदळाचा आकडा फार हलला नाही. आधी दूध गेलं, मग ओले मासे. बांगड्याच्या जागी सुकट, सुकटीच्या जागी कुळथाची पिठी, आणि पिठीही दिवसागणिक पातळ. तेलाचा रकाना आठवड्यातून एकदाच भरायचा. पुढे जुहूला एसएनडीटीत गृहविज्ञान शिकताना एर्न्स्ट एंगेल या जर्मन माणसाचा १८५७चा नियम आला : घर जितकं गरीब, तितका कमाईचा मोठा वाटा अन्नावर जातो. तो मला पाठ करावा लागला नाही.

शेवटच्या रकान्यात मी रोज एकच लिहायचे : "आई. सगळ्यांसारखंच." बाईंनी वही तपासली आणि त्या शब्दांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. खाली लिहिलं, "तू पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. विचारलं होतं, आणि आई म्हणाली होती, "लिही, सगळ्यांसारखंच." मग एका रात्री मी झोपेचं सोंग घेऊन पडले. आईने टोपात पाणी घातलं, तळाला लागलेली खरवड उलथन्याने सोडवली, मीठ घातलं, एक मिरची घेतली आणि भिंतीकडे तोंड करून जेवली. दुसऱ्या दिवशी मी तसंच लिहिलं.

वही आईच्या हाती लागली. ती चौथी शिकलेली होती, वाचता यायचं. मारलं नाही तिने. म्हणाली, "घरातलं हे शाळेत नेतेस? उद्या सगळी चाळ माझा टोप बघायला येईल." मी रडत बाईंकडे गेले. बाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "चूक माझी. आईला विचारून लिहायला सांगायला हवं होतं." शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करावी हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर तो रकाना आई स्वतः सांगू लागली. "लिही, एक भाकरी, पिठी." मी लिहीत गेले. महिना संपला, वही द्यायची तारीख गेली, तरी परीक्षेपर्यंत लिहीत राहिले. ती खरं सांगत होती का, हे मला आजही ठाऊक नाही.

माझं पुढचं सगळं काम या एका रकान्याभोवती झालं असं म्हटलं तरी चालेल. कुटुंबाच्या आहाराचा हिशेब करताना माणसांची एककं करतात. बैठ्या कामाचा पुरुष १ धरला तर तशीच बाई ०.८. घरात शिजलेलं सगळं त्या एककांत वाटलं की आकडा छान बसतो. पण एककं मोजून कुठली बाई वाढते? कुटुंबाला पुरेसं मिळतं असं कागदावर येतं, आणि त्याच घरात टोपाला पाणी लावलेलं असतं. कालपासून काय काय खाल्लं, असं चोवीस तासांचं विचारण्याची पद्धत आहे. किती खोल्यांत किती बायकांनी मला उत्तर दिलं असेल, "सगळ्यांसारखंच." मग मी पेन खाली ठेवते आणि भांडी कुठे घासता, असं विचारते.

मुलांना गृहशास्त्र का नव्हतं, हा माझा जुना राग आहे. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचा बिनपगारी घरकामात दिवसाला २९९ मिनिटं वेळ गेलेला दिसला, पुरुषांचा ९७. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी. आमच्या वर्गातल्या मुलांनी सुतारकामात केलेले पाट मात्र उत्तम होते, ते कबूल.

एक विनंती. आमच्या वह्या बाईंनी गृहशास्त्राच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या होत्या. ती खोली आता संगणक कक्ष झाली आहे असं ऐकते. कपाट कुठे गेलं, कोणाला माहीत असेल तर कळवा. खाकी कव्हरची वही आहे, पुठ्ठ्यावर "डालडा डबा" असं लिहून खाली तीन आकडे आहेत. मला त्या वर्षीच्या होळीचं पान बघायचं आहे. भाऊ म्हणतो त्या होळीला पुरणपोळ्या झाल्या होत्या आणि आईनेही खाल्ली. मी म्हणते, झाल्याच नव्हत्या.