तुम्ही विचारलंत म्हणून: हळद परदेशी पाठवायची की नाही?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात हळद दळून पाकीटबंद करण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आसपासचे उद्योजक आणि बचत गटांच्या ताई मला वारंवार विचारतात, की परदेशात माल पाठवायचा की नाही, आणि पाठवायचा तर कोणत्या देशात, हे ठरवायचे कसे?

बहुतेक जण विचाराची सुरुवात देशापासून करतात. माझ्या मते ती स्वतःच्या तिजोरीपासून करावी. हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि वर्षभराचा कच्चा माल त्या थोड्या आठवड्यांतच रोखीने घ्यावा लागतो. एखादी खेप नाकारली गेली किंवा तिचे पैसे सहा महिने अडकले, तरी ही खरेदी निभावता येणार नसेल, तर निर्यातीचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा. कागदपत्रांची भीती मात्र अनाठायी आहे. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि मसाला मंडळाची नोंदणीही फार अवघड नाही.

खरी कसोटी मालाची लागते. युरोपीय संघात हळदीतील अफ्लाटॉक्सिन बी-१ या विषाची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. हे विष बुरशीतून येते आणि बुरशी ओलाव्यातून. शिजवलेले हळकुंड पुरते वाळले की मोडताना खणखणीत आवाज येतो. तो येण्याआधीच अवकाळी पावसाची एक सर ढिगावर पडली, तर वरून पिवळीधमक दिसणारी हळदही आतून बिघडू शकते. त्यातही बुरशी सगळ्या पोत्यांत सारखी पसरत नाही, त्यामुळे चार पोत्यांचा नमुना उत्तीर्ण झाला तरी पाचव्या पोत्यापायी अख्खा माल बंदरावर अडकू शकतो. म्हणून नमुना प्रत्येक पोत्यातून थोडा थोडा काढून, एकत्र करून तपासणीला द्यावा आणि परदेशी प्रदर्शनाचे तिकीट काढण्याआधी तो पैसा सिमेंटच्या खळ्यात आणि चांगल्या ताडपत्र्यांत घालावा, असे मी आग्रहाने सांगतो.

देश निवडताना आपल्या शेजारच्या वरूड-मोर्शीच्या संत्र्याकडे पाहावे. तिथल्या निर्यातीची भिस्त प्रामुख्याने बांगलादेशावर होती. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेले तिथले आयात शुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले, आणि त्याची झळ बागाईतदारांना बसली. फळ तेच, त्याची गोडीही तीच. तरी निर्णय ढाक्यात झाला आणि भाव इथे पडला. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण त्या बागाईतदाराच्या मेहनतीत कुठेच कसूर नव्हती. एका देशावर किंवा एका खरेदीदारावर निम्म्याहून अधिक विक्री जाऊ देऊ नये, हे मी तिथूनच घेतले.

त्यामुळे दुबईची मागणी आली म्हणून थेट कंटेनर भरू नये. आधी दोन-तीन हंगाम निर्यातदार व्यापाऱ्यामार्फत माल द्यावा. भाव थोडा कमी मिळतो, पण पैसे इथेच रुपयांत मिळतात आणि आपला माल तपासणीत टिकतो की नाही हे कळते. त्यानंतर थेट व्यवहार करायचा झाल्यास पहिली खेप लहान ठेवावी, काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे दिल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी, मागावे. उधारीवरच द्यायची वेळ आली, तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवल्यास भरपाई देणारा विमा उतरवल्याशिवाय माल गोदामाबाहेर काढू नये.