कूलरसमोर किंग काँग

बाहेर नागपूरचं ऊन. बर्डीवर जायचं रद्द केलं, कूलरमध्ये पाणी भरलं अन् तर्री पोहे हाणून जुन्या पीसीवर २००५ चा 'किंग काँग' लावला. पीटर जॅक्सनच्या सिनेमावरचा, युबिसॉफ्ट कंपनीचा गेम. शेजारी भाचा.

"मामा, गोळ्या किती उरल्या ते दिसूनच नाही राहिलं!"

दिसणारच नाही बे. स्क्रीनवर ना गोळ्यांचा आकडा, ना जीव दाखवणारी पट्टी. बटण दाबलं की जॅक, म्हणजे गेममधला आपला गडी, स्वतःच बोलून सांगतो, मॅगझिन किती शिल्लक. गोळ्या संपल्या की भाला उचला, जाळात पेटवा, काटेरी झुडपं जाळून वाट काढा. व्ही-रेक्स नावाच्या भल्यामोठ्या डायनासोरसमोर नुसता भाला घेऊन उभा होतो, तेव्हा भाच्यानं दंड असा आवळला की नखं उमटली.

स्वतः काँग झालं की मात्र मजा अर्धी. नुसतं बटण बडवत बसा. (भाच्याला नेमकं तेच आवडलं. कीबोर्ड माझा.) अन् गेम फारच लहान, अंधार पडला तोवर काँग इमारतीवरून खाली!

भाच्याचं तोंड एवढंसं झालं, म्हणून सांगून बसलो की भरपूर गुण जमवले तर काँग वाचतो असा दुसरा शेवट आहे. आता लेकाचा जेवायलाही उठून नाही राहिला.