खिंडीतली सहा मतं

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे बॉस्टनला आले तेव्हा त्यांना नायगारा दाखवायचं ठरलं होतं. पण मी सहज डिक्सव्हिल नॉचचं नाव काढलं आणि ते म्हणाले, "अगं, मग तिकडंच जाऊ." बाबा निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या नोकरीत किती निवडणुकांच्या ड्यूट्या केल्या, याची त्यांच्याकडेही मोजदाद नाही. ज्या गावात राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान मध्यरात्री बाराच्या ठोक्याला सुरू होतं आणि काही मिनिटांत निकालही लागतो, ते गाव त्यांना बघायचंच होतं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. व्हाइट माउंटन्स मागे टाकून न्यू हॅम्पशायरच्या अगदी वरच्या टोकाला, कोऑस काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, पोहोचायला चार तास लागले. रस्ता मूस हरणांचा, म्हणून जागोजागी सावधानतेच्या पाट्या. कोलब्रूकला कॉफी घेतली आणि २६ नंबरचा रस्ता धरला. पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले. नॉच म्हणजे खिंडच. ती खिंड, खाली ग्लोरिएट तळं आणि तळ्याकाठी द बाल्सम्स हे जुनं प्रचंड हॉटेल, २०११ पासून बंद पडलेलं. गाव शोधायला गेलात तर एवढंच सापडतं.

हे हॉटेल नील टिलट्सन यांचं होतं. रबराचे फुगे आणि हातमोजे बनवणारा हा कारखानदार. १९६० साली त्यांनी इथं मध्यरात्रीचं मतदान सुरू केलं. शंभराहून कमी वस्तीच्या गावाला बाराला केंद्र उघडायची आणि सगळ्यांची मतं पडली की बंद करायची मुभा या राज्याच्या कायद्यात आहे. हॉटेलची स्वतःची टेलिफोन कंपनी होती, त्यामुळे वार्ताहरांना इथून बातमी पाठवणं सोपं. पहिलं मत दर वेळी टिलट्सन यांचं. २००१ मध्ये, १०२ वर्षांचे होऊन ते गेले.

गावाचा कल? १९६० ला रिपब्लिकन निक्सन ९, डेमोक्रॅट केनेडी ०. १९६८ चा डेमोक्रॅट हम्फ्री यांचा अपवाद सोडला तर पुढं २००४ पर्यंत सतत रिपब्लिकन. २००८ ला मात्र ओबामा १५, मॅक्केन ६. २०१२ ला ५-५ अशी बरोबरी. २०२० मध्ये पाचच्या पाच मतं बायडन यांना, आणि २०२४ मध्ये पुन्हा बरोबरी, ट्रम्प ३, हॅरिस ३. हे आकडे बघून देशाचा अंदाज बांधणारे बांधतात. मला त्यात अर्थ दिसत नाही. हॉटेल चालू असताना कामगार इथं राहायचे, २००४ ला सव्वीस मतं पडली होती. हॉटेल बंद झालं, माणसं गेली. मतदारयादीच बदलली तर कल कुणाचा बदलला म्हणायचा? ज्या कोऑस काउंटीनं ओबामांना दोनदा भरघोस मतं दिली, तिथं २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प पुढं आहेत. हा बदल खरा मोठा, आणि त्याच्यासाठी कुणी कॅमेरे घेऊन रात्री जागत नाही.

तळ्याकाठच्या दगडावर बसून मी बाबांना २०२४ ची यादी सांगितली. इथं मतदार आपला पक्ष नोंदवू शकतो. सहा जणांत चार रिपब्लिकन, दोन कुठल्याच पक्षाचे नाहीत. बाबांनी लगेच बोटांवर मोजलं. "हॅरिसबाईंना तीन ना? मग ते दोघं धरले तरी एक रिपब्लिकन मत तिकडं गेलंच. आणि बायडनना पाचच्या पाच, तेव्हा तर सगळ्यांचंच उघडं. मग गुप्त काय राहिलं?"

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या डोक्यात तोवर फक्त हौस होती. शंभर टक्के मतदान, प्रत्येकाला वेगळा पडद्याचा कप्पा, आणि मतदारांपेक्षा पत्रकार जास्त.

बाबा तळ्याकडे बघत बोलत राहिले. "कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा आम्ही गठ्ठे मिसळून मग मोजायचो. कुठल्या केंद्रावर कुणाला किती, ते कळू नये म्हणून. आता मशीनमुळं केंद्राकेंद्राचा आकडा बाहेर येतो. आमच्या बाजूच्या एका वाडीत साठ-सत्तर मतं. निकालात कळलं, सगळी विरोधात गेलीत. पुढं डांबरी रस्ता आला तो वाडीच्या अलीकडच्या ओढ्यापाशीच थांबला. पावसाळ्यात पोरं चप्पल हातात घेऊन शाळेला यायची माझ्याकडं."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

परतताना मुद्दाम पुढं मिल्सफील्डवरून गेलो. शेजारचीच वस्ती, २०१६ आणि २०२० ला तिथंही मध्यरात्री मतदान झालं होतं. २०२० ला तिथं ट्रम्प १६, बायडन ५. झाडीत विखुरलेली घरं, एका अंगणात रचलेली लाकडं, धुराडं. रस्ता मात्र शेवटच्या घराच्या दारापर्यंत डांबरी. बाबांनी काच खाली करून तो नीट बघितला.